येते हं, बाबा

१

आमच्या घरात तीन माणसं: मी, बाबा आणि राखाडे. राखाडे पोपट आहेत, पण हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. जात आफ्रिकन ग्रे, अंग राखेच्या रंगाचं, शेपटी लालभडक. बाबांच्या ऑफिसातले एक सोबती देश सोडताना त्यांना आमच्याकडे ठेवून गेले. बाबांनी रंग बघून आडनाव दिलं आणि तेव्हापासून आम्ही दोघं त्यांना अहोजाहो करतो.

पिंजरा बाबांच्या खोलीत, आणि सकाळ सगळी त्यांची. चादर काढायची, तळाचा कागद बदलायचा, पाण्याची वाटी घासायची, कारण महाशय प्रत्येक घास बुडवून खातात. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर उभं करून वजन बघायचं. पक्षी आजार लपवतो, पण वजन लपवता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. एक दिवसाआड फवाऱ्यानं आंघोळ. नंतर त्यांनी अंग झटकलं की पिसांतली पांढरी पावडर माझ्या चष्म्यावर बसते आणि मी तो पुसत पुसत बाबांचा चहा करते.

बाबांचं तसं ठीक होतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरायचे. डोकं लख्ख. नजर मात्र इतकी अधू, की चष्मा काढला तर समोरचं माणूस म्हणजे नुसता रंगाचा ठिपका. हे मी अंदाजानं सांगत नाही. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, त्यांचा नंबर मीच काढलाय.

निघताना मी दारातून हाक मारायची, "येते हं, बाबा." आतून बाबा म्हणायचे, "ये." ही आईनं लावलेली शिस्त. घरातून निघताना जाते म्हणायचं नाही. जाते म्हणणारं माणूस परत येत नसतं, असं तिचं म्हणणं. बाबा तिला हसायचे, पण त्यांच्या तोंडूनही 'जातो' कधी ऐकलं नाही. राखाडेंनी आमचं हे दोघांचं पाठच करून टाकलं होतं. किल्ल्या वाजल्या की माझ्या आवाजात "येते हं, बाबा" आणि पाठोपाठ बाबांच्या आवाजात "ये". आम्ही तोंड उघडायच्या आत आमचा निरोपसमारंभ उरकलेला असायचा.

एका संध्याकाळी घरी आले तर पिंजऱ्याच्या तळाशी पिसांचा सडा पडलेला. राखाडे दांडीच्या पार कोपऱ्यात, दाराकडे पाठ करून बसले होते. छातीवर बटणाएवढी जागा उघडी, गुलाबी दिसत होती. मी बघत असतानाच त्यांनी मान वाकवली आणि आणखी एक पीस उपटलं.

२

पक्ष्यांच्या डॉक्टरांनी त्यांना टॉवेलात गुंडाळून तपासलं. टॉवेल दिसला की राखाडे मायक्रोवेव्हचा आवाज काढतात, टीं टीं टीं, न थांबता. ती त्यांची भीतीची भाषा. घाबरला की हा पक्षी घरातलं सगळ्यात कंटाळवाणं यंत्र होतो, असं बाबा म्हणायचे.

रक्त चांगलं निघालं. कॅल्शियम पुरेसं. चोच, नखं, घसा, सगळं ठणठणीत.

"मग हे काय?" मी विचारलं.

"धास्ती," डॉक्टर म्हणाले. "घरात काही बदललं? पिंजऱ्याची जागा, पडदे, भिंतीचा रंग?"

"काही नाही."

"नवीन माणूस?"

"नाही हो. मी, बाबा आणि सकाळी कामाला येणारी मावशी. ती तर जुनीच आहे."

"बघा आठवून. हा पक्षी उगाच पिसं उपटत नाही. बरं, नवीन काय बोलतोय?"

"लक्ष दिलं नाही मी."

"द्या की. एवढी चहाडखोर वस्तू पाळलीय तुम्ही," डॉक्टर हसले. "तो मनानं काही रचत नाही. जे ऐकतो तेच बोलतो."

३

लक्ष द्यायला लागल्यावर पहिली दोन वाक्यं ओळखीची निघाली. तिसरं ऐकून मी हातातलं गाजर खाली ठेवलं.

"चष्मा काढा, बाबा. डोळ्यांना आराम."

आवाज माझा. 'आराम' मधला 'रा' जरासा लांबवण्याची माझी खोडही त्यात होती. आता गंमत बघा. आयुष्यात मी लोकांना एकच गोष्ट सांगत आलेय, की चष्मा लावा. मुलांना सांगते, म्हाताऱ्यांना सांगते, लग्नात फोटोसाठी चष्मा काढणाऱ्या नवऱ्या मुलींना सांगते. चष्मा काढा हे मी कुणालाच सांगणार नाही, आणि बाबांना तर नाहीच.

राखाडेंनी माझ्याकडे एका डोळ्यानं बघितलं. बुबुळ लहान मोठं, लहान मोठं होत होतं. मी बोट पुढे केलं तर ते मागे सरकले. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथे. माझ्या माघारी घरात कुणीतरी माझ्या आवाजात बोलत होतं. आणि माझ्या माघारी घरात येणारं माणूस एकच होतं.

४

"मी? तुमच्या आवाजात?" मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ताई, माझा आवाज म्हणजे फाटका पत्रा. मी गायला लागले की माझा नवरा दार लावून घेतो."

"तसं नाही गं. दुपारी कुणी येतं का, एवढंच विचारतेय."

"दुपारचं मी काय सांगू? बाबांचं जेवण झालं की मी निघते. तेच घाई करतात. 'तू जा, पोरगी येईलच आता', म्हणतात."

"कोण पोरगी?"

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. "कोण म्हणजे? तुम्ही. दुपारी घरी येता ना तुम्ही? म्हणूनच तर मी निर्धास्त जाते."

मी दुपारी घरी येत नाही. दुकान शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. डबा मी तिथेच, चष्म्यांच्या रिकाम्या फ्रेमांकडे बघत खाते.

मावशी खोटं बोलतेय असं मी ठरवून टाकलं. खाई त्याला खवखवे, म्हणूनच एवढा आव आणतेय. दुपारी तिची कुणी नातेवाईक बाई येऊन बसत असेल. बाबांना दिसत नाही, त्याचा फायदा. माझी नक्कल करणं अवघड ते काय? राखाडे करतात, तर माणसाला का नाही जमणार?

एवढं सगळं जुळवल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. पण मावशीनं निघताना पिंजऱ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "याला माझ्या घरी नेऊ का थोडे दिवस? रडवेला झालाय बिचारा," आणि ते खोटं वाटेना.

५

बाबांशी मी रविवारी बोलले. ते खिडकीशी खुर्चीत बसले होते, चष्मा मांडीवर.

"चष्मा का काढलात?"

"तूच सांगतेस ना."

"मी कधी सांगितलं?"

"दुपारी. रोज सांगतेस." मग लहान मुलाच्या लबाडीनं म्हणाले, "दुपारी तू बरी असतेस."

"म्हणजे?"

"चिडत नाहीस. घाईत नसतेस. शेजारी बसतेस, हात हातात घेतेस. संध्याकाळी दमलेली असतेस, तेव्हा मी काही बोलत नाही. तुझाही इलाज नाही, मला कळतं."

मला काय वाटलं ते सरळ सांगते. आधी भीती वाटली नाही. आधी मत्सर वाटला. घरात कोण शिरतंय यापेक्षा, ती माझ्याहून चांगली मुलगी आहे, हे मला झोंबलं.

मग मी डोकं ठिकाणावर आणून त्यांना आजची तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. त्यांनी सगळं बिनचूक सांगितलं आणि नंतर माझ्याशी बोलेनात. संध्याकाळी मात्र स्वतःच म्हणाले, "तू रोज सांगून येतेस. दारात उभी राहून 'येते' म्हणतेस, मी 'ये' म्हणतो, आणि तू येतेस. यात एवढं चौकशी करण्यासारखं काय आहे?"

राखाडे पिंजऱ्यात पीस चावत होते. छातीवरची उघडी जागा आता तळहाताएवढी झाली होती.

६

घरात जुना फोन पडला होता. सोमवारी सकाळी तो रेकॉर्डिंगवर लावून पिंजऱ्यामागच्या फडताळात, खाद्याच्या डब्याआड ठेवला. बाबांवर पाळत ठेवायची लाज वाटत होती, म्हणून त्यांच्याकडे न बघताच निघाले. "येते हं, बाबा." "ये."

त्या संध्याकाळी बाबा सारखे घुटमळत होते, म्हणून फोन उचलून तसाच पर्समध्ये टाकला. ऐकायला वेळ मिळाला तो मंगळवारी, दुकानात, जेवणाच्या सुट्टीत. डोळे तपासायची आमची खोली काळोखी असते, समोर तेवढा अक्षरांचा उजळलेला फलक. मी पेशंटच्या खुर्चीत बसले आणि कानात इअरफोन घातले.

रेकॉर्डिंग पुढे पुढे सारत गेले. भांड्यांचा आवाज. मावशीची बडबड. तिच्या चपला, दाराची कडी. मग बराच वेळ नुसता पंखा.

मग माझा आवाज. "येते हं, बाबा."

कडी वाजली नव्हती. दार उघडलंच नव्हतं.

राखाडे बोलले असतील, मी स्वतःला समजावलं. माझ्या आवाजातलं काहीही ऐकू आलं तरी ते राखाडे, हे तर उघडच होतं. रेकॉर्डिंगची ही युक्तीच मुळात बावळट होती. मनाशी हसले सुद्धा.

"ये," बाबा म्हणाले. खुर्ची सरकली. "चष्मा काढा, बाबा. डोळ्यांना आराम." हेही राखाडेच. पोपटपंची, दुसरं काय? मग तो आवाज हळू हळू बोलू लागला, मायेनं, समजुतीनं, आणि त्याच्या मागे दुसरा आवाज सुरू झाला. टीं टीं टीं. टीं टीं टीं.

दोन्ही एकाच वेळी चालले होते. माझा आवाज थांबत नव्हता आणि टीं टीं सुद्धा थांबत नव्हतं. राखाडे कितीही हुशार असले तरी त्यांना चोच एकच आहे.

"चला ना, बाबा," मी तिथे म्हणत होते. "किती दिवस नुसती चालढकल."

"आज पाय ठणकतोय गं."

"मग उद्या?"

"बरं. उद्या येतो तुझ्याबरोबर."

टीं टीं टीं.

ते रेकॉर्डिंग सोमवारचं होतं. उद्या म्हणजे आज. आणि आज सकाळीही मी दारात उभी राहून, सांगून आले होते.

७

बाबांना फोन लावला. नुसता वाजत राहिला. टॅक्सीत बसल्यावर मला ते नीट दिसलं, इतकं साधं, की किंचाळावंसं वाटलं. मी रोज घराबाहेर पाऊल टाकताना येते म्हणत होते. आमच्या माणसांना त्याचा अर्थ कळतो. दुसऱ्या कुणी ते ऐकलं तर त्यानं काय समजायचं? दार बंद होतंय, घर मोकळं होतंय, एक आवाज येते म्हणतोय, आणि घरातला कर्ता माणूस ये म्हणतोय. आमंत्रण याहून वेगळं काय असतं?

जिना चढताना राखाडेंचा आवाज ऐकू येत होता. टीं टीं टीं. किल्ली घाईत उलटी धरली होती, कुलपात जाईना. मग गेली.

आमच्या दारातून सरळ बोळ जातो, त्याच्या टोकाला बाबांची खोली. वॉकर बोळाच्या मध्येच उभा होता, रिकामा. त्याच्या पलीकडे, खोलीच्या उंबऱ्यावर, बाबा माझ्याकडे पाठ करून उभे होते. ताठ. खुबा मोडल्यापासून ते असे उभे राहिलेले मी पाहिले नव्हते. डावा हात पुढे केलेला, कुणीतरी धरलाय असा.

दाराच्या चौकटीआड एक कोपर दिसत होतं. पिवळी बाही. कोपराजवळच गाजराचा डाग.

तो डाग राखाडेंनी त्याच सकाळी माझ्या बाहीवर पाडला होता. मी खाली बघितलं. माझ्या बाहीवर तो होताच.

"बाबा!" मी ओरडले. त्याच क्षणी आतूनही कुणीतरी "बाबा" म्हटलं, हळू आणि प्रेमानं.

त्यांनी मान वळवली. डोळ्यांवर चष्मा नव्हता. त्यांनी माझ्या दिशेनं पाहिलं, मग आत पाहिलं, मग पुन्हा माझ्या दिशेनं. दुकानात दोन भिंगं दाखवून 'ही बरी की ती?' विचारलं की माणसं अशीच बघतात. मग माझ्याकडे तोंड करून ते काहीतरी म्हणाले. राखाडेंच्या कर्कश टीं टीं मध्ये मला ते कळलं नाही. ते आत गेले आणि दार लोटलं गेलं.

मी धावत जाऊन दार ढकललं. खोलीत खुर्ची होती, पलंग होता, बंद खिडकी होती आणि तिला बाहेरून लोखंडी गज होते. चष्मा घडी घालून पिंजऱ्यावर ठेवलेला होता. राखाडे गप्प झाले होते.

८

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही. चौकशी झाली. मावशीला प्रश्न विचारले, मला जास्त विचारले. शोध घेतला, फोटो लावले. ते रेकॉर्डिंग मी अधिकाऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "हा तुमचा आवाज आहे." मी म्हटलं, "हो." त्यानं वहीत तेवढंच लिहून घेतलं.

राखाडे मुके झाले. पण त्यांची पिसं भरायला लागली. आधी काटे काटे दिसले, मग मऊ राखाडी लव. वजन वाढलं. डॉक्टर खूश झाले. "छान! जे कारण होतं ते गेलेलं दिसतंय घरातून," असं बोलून गेले आणि मग माझा चेहरा बघून टॉवेलाची घडी घालत बसले.

मी नोकरीवर जाऊ लागले. सवय वाईट. दारात पोचले की तोंडातून निघायचंच, "येते हं, बाबा." काही दिवस उत्तर आलं नाही. मग एका सकाळी आतून बाबांच्या आवाजात आलं, "ये." राखाडेंना कंठ फुटला होता. मी जिन्यात बसून रडले. आवाज तरी राहिलाय म्हणून बरं वाटलं.

त्यानंतर त्यांना काट्यावर उभं केलं असताना ते दुसरं वाक्य बोलले. हेही बाबांच्याच आवाजात, जरा गोंधळलेल्या, निरोपाच्या सुरात.

"जातो गं."

बाबांनी उंबऱ्यावरून मला काय सांगितलं ते मला असं कळलं. जे ऐकतात तेच राखाडे बोलतात. जन्मात कधी जातो न म्हणालेला माणूस मला ते सांगून गेला होता. म्हणजे जाताना त्यांना पुरतं माहीत होतं. आई म्हणायची तसं मीही मनाशी म्हटलं, आता ते येणार नाहीत. आणि त्या दिवसापासून खरोखरच वाट बघणं सोडलं.

९

परवा संध्याकाळी घरी आले तर पिंजऱ्याच्या तळाशी पिसं होती.

कागद बदलताना मी उगाच बडबडत होते, नवं खाद्य मानवत नसेल, हवा बदललीय. राखाडे दाराकडे पाठ करून बसले होते. बोलले ते भिंतीकडे बघून, बाबांच्या आवाजात.

"चष्मा काढ गं. डोळ्यांना आराम."

हे वाक्य बाबांनी मला कधी सांगितलेलं नाही. माझ्याशिवाय आता या घरात कुणी राहत नाही, मावशीही येत नाही. राखाडेंनी ते कुठे ऐकलं असेल? रोज सकाळी दारात येते म्हणणारी मी, आणि आतून ये म्हणणारे राखाडे. आमचा दोघांचा खेळ अजून चालूच होता.

आज मी रजा घेतलीय. सकाळी सगळं नेहमीसारखं केलं. राखाडेंचं वजन केलं, कमी भरलं. किल्ल्या वाजवल्या, दारात जाऊन "येते हं, बाबा" म्हटलं, राखाडेंनी "ये" म्हटलं, आणि मी कडी आतून लावून परत फिरले. तेव्हापासून बाबांच्या खुर्चीत बसलेय. कुणी 'का' म्हणून विचारलं, तर मी सांगेन, कोण येतं ते बघायचंय. ते खरं आहे, पण अर्धंच.

दुपार झालीय. पंखा फिरतोय. बोळात पावलं वाजतायत, हळू, सरळ, वॉकरशिवाय. मी राखाडेंकडे बघते. त्यांच्या चोचीत एक पीस घट्ट धरलेलं आहे. चोच मिटलेली आहे.

"येतो गं," दाराआडून बाबा म्हणाले.

जातो म्हणून गेलेलं माणूस परत येत नसतं. म्हणजे हे बाबा नाहीत. मला हे नीट कळतंय, माझं डोकं लख्ख आहे, शंभरातून सात सात मीही वजा करू शकते. पण आवाज त्यांचा आहे, त्यात घाई नाही, आणि आज मीही घाईत नाही.

मी चष्मा काढून पिंजऱ्यावर ठेवला.

"या, बाबा," मी म्हटलं.